चादरीतले हात

सासरे : आणि बसच्या वाहकांचे फोटो? त्यांचं काय झालं?

सून : ते गेल्या आठवड्यातच सोडले, बाबा.

सासरे : इस्त्रीवाली?

सून : तिने मला सोडलं. म्हणाली, तू कॅमेरा घेऊन उभी राहिलीस की माझा हात भाजतो.

सासरे : त्याआधी जिने पुसणाऱ्या बायका, त्याआधी पहारेकरी, त्याआधी ते घड्याळवाले आजोबा. एवढ्या वेळात लोक मुलगी बघून लग्न उरकतात.

सून : हसू नका ना. पाच वाजता फॉर्म बंद होतोय आणि आत्ता साडेतीन झाले. चिंगे, माऊस सोड. सोड म्हटलं ना! गेल्या वर्षी फोटोग्राफी शिकायला निवड झाली आणि ही झाली. त्यांनी माझी जागा वर्षभर राखून ठेवली, पण तिसऱ्यांदा कोण विचारतंय? आज विषय गेला नाही तर शिकणं गेलं, प्रदर्शन गेलं. मग मी आपली बसते जन्मभर दुकानात, फोटोतल्या लोकांच्या गालावरचे डाग पुसत.

सासरे : त्या डागांवर हे घर चाललंय, सूनबाई.

सून : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सासरे : कळलं गं. मग घोडं अडलंय कुठे?

सून : अडलेलं नाहीये. विषय ठरलाय. तीन फोटो लागतातच, एक जरी कमी पडला तरी फॉर्म घेत नाहीत. ते तीन जोडलेत, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्यात. फक्त... चहा टाकू का तुम्हाला?

सासरे : चहा मघाशीच झाला. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दाखव.

सून : हे बघा.

सासरे : थांब, चष्मा... हं. हे तर आपल्या स्टुलावरचं बाळ. पासपोर्टचं.

सून : हो.

सासरे : आणि हात पुसायचे राहिलेत की! असा फोटो दिला तर पासपोर्ट ऑफिसातला माणूस दारातूनच परत पाठवेल. बाळाशिवाय काही म्हणजे काही दिसता कामा नये.

सून : त्यांना पुसूनच दिलाय. हा आधीचा. मी ठेवून घेतला.

सासरे : का?

सून : का म्हणजे... तुम्ही बाहेर फोटो काढता. बाईला स्टुलावर बसवता, डोक्यावरून पांढरी चादर, मांडीवर बाळ. मी आत कॉम्प्युटरपाशी. मला माणूस दिसतच नाही कधी. दिसतात ते चादरीतून आलेले दोन हात. एक पोटाशी, एक मानेशी. आणि मी ते एकेक बोट करून पुसते. ही माझ्या मांडीवर झोपलेली, आणि मी दुसऱ्या आयांचे हात पुसतेय! या एकीच्या बोटाला चिकटपट्टी होती. ती पुसायला गेले आणि माझा हातच चालेना. त्या दिवसापासून ठेवायला लागले.

सासरे : फोटो चांगला आहे.

सून : खरंच, बाबा?

सासरे : चांगला आहे म्हणून तर भीती वाटते. विचारलंस त्यांना?

सून : चेहरा कुठे दिसतोय बाईचा?

सासरे : बाळाचा दिसतोय.

सून : एवढंसं बाळ कोणाला ओळखू येतंय?

सासरे : आयजीच्या जिवावर बायजी उदार! अगं, लोक इथे कसेही येतात. कुणाचे डोळे सुजलेले, कुणी घरून भांडून आलेलं. येतात, कारण इथलं इथेच राहतं. दुकानाच्या काचेत मी आजवर कुणाचा फोटो न विचारता लावला नाही. तुझ्या नवऱ्याचासुद्धा नाही.

सून : त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते म्हणून, असं आई सांगतात.

सासरे : ती काहीही सांगते. तू फोन कर. पावतीपुस्तकात नंबर आहेत.

सून : आत्ता? दीड तासात तीन घरं? आणि नाही म्हणाल्या तर?

सासरे : तर नाही.

सून : तुम्हाला काय, बोलायला सोपं आहे.

सासरे : पोरगी इकडे दे. फोन काउंटरवर ठेव, आवाज मोठा कर आणि बोल. ये गं चिंगूताई, आपण तुझ्या आईची फजिती बघू.

सून : झाले दोघींचे फोन. पहिली म्हणाली, हो की, पण माझी नखं कशी होती हो त्या दिवशी? दुसरीने नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने सासूला विचारलं, सासू म्हणाली मला काय विचारता. शेवटी हो आहे. आणि त्यात तासभर गेला.

सासरे : राहिली कोण?

सून : चिकटपट्टीवाली. सगळं तिच्यावर उभं आहे, बाबा. लावते.

फोनवरची बाई : हॅलो? कोण?

सून : नमस्कार, ताई. फोटो स्टुडिओतून बोलतेय. मागच्या थंडीत तुमच्या बाळाचे पासपोर्टचे फोटो काढले होते ना...

फोनवरची बाई : काय झालं? फोटोत काही चुकलंय का? तिला अडवलं का कुठे?

सून : नाही, नाही! सगळं ठीक आहे. घाबरू नका. मीच जरा... मला तो फोटो एका ठिकाणी पाठवायचाय. विकायला नाही हं, माझ्या शिक्षणासाठी. निवडला तर प्रदर्शनात लागेल. म्हणून तुम्हाला विचारतेय. त्यात बाळ आहे, आणि धरलेले हात आहेत.

फोनवरची बाई : हात कुठे होते त्यात?

सून : मी पुसले होते ते. माझ्याकडे पुसण्याआधीचा आहे.

फोनवरची बाई : आणि खाली नाव लिहिणार आमचं?

सून : नाव नाही. दोनच ओळी आहेत. वाचू? "आईचे हात. बाळ सरळ बसावं म्हणून ते तिथे होते. बाळ एकटं दिसावं म्हणून ते पुसले."

फोनवरची बाई : माझे नाहीत ते.

सून : अं?

फोनवरची बाई : मी चादरीत नव्हतेच. बहीण बसली होती. मला छातीचं दुखणं झालं होतं, दुसऱ्याला लागणारं. डॉक्टर म्हणाले, बाळाला जवळसुद्धा घ्यायचं नाही. घरात तिसरं माणूस नाही. बहीण परदेशात असते, ती आली आणि घेऊन गेली तिला. पासपोर्ट त्यासाठीच काढला.

सून : म्हणजे तुम्ही त्या दिवशी आलाच नव्हता?

फोनवरची बाई : आले होते की. दारात होते, काचेबाहेर. तिथून बघत होते. तर आतून काका म्हणाले, अहो बाई, तुमची सावली पडतेय, जरा सरका.

सासरे : मी म्हणालो?

फोनवरची बाई : काका आहेत का तिथे? तुमचं काही चुकलं नाही हो, काका. पडत असेल सावली.

सासरे : तोंडाला फडकं बांधलेली बाई... मला वाटलं, सोबतीला आलंय कोणीतरी.

फोनवरची बाई : सगळ्यांना तसंच वाटायचं. मीही सांगायला जायची नाही.

सून : ताई, मला माफ करा. मी पुसत होते, पण कोणाचे ते विचारलंच नाही कधी. वर ओळीसुद्धा लिहून मोकळी झाले. काढून टाकते हा फोटो.

सासरे : मग फॉर्म?

सून : राहिला तर राहिला.

फोनवरची बाई : त्यात बोटाला चिकटपट्टी आहे का हो?

सून : आहे. डाव्या हाताला.

फोनवरची बाई : मग तीच. आल्या दिवशीच दुधाची बाटली फोडली तिने धुताना. तिला मूल नाही, सवय कुठून असणार? मी आपली लांबून ओरडतेय, मान धर, मान धर. आणि मग सरकले ना मी दारातून. मान धरली का नाही, ते दिसलंच नाही मला.

सून : आता कशी आहे ती?

फोनवरची बाई : छान आहे. बसते, फोनवर हसते. माझ्या अजून दोन तपासण्या राहिल्यात, मग आणायची. पण मला मेलीला अजून तेच आठवत राहतं, ती मान. तुमच्याकडे खरंच आहे तो फोटो?

सून : आहे.

फोनवरची बाई : मला पाठवाल?

सून : आत्ता पाठवते.

सासरे : दहा मिनिटं उरलीत गं.

सून : उरू देत हो, बाबा. ताई, पोचला का?

फोनवरची बाई : गोल फिरतंय नुसतं. हं, आला. थांबा, मोठा करून बघते.

(चिंगी काउंटरवर हात आपटते आहे.)

सून : ताई? नको असेल तर तसं सांगा. खरंच सांगा.

फोनवरची बाई : मान धरलीय.

सून : हो. चार बोटं मागे आहेत आणि अंगठा कानाखाली. पुसताना मला तिथेच सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

फोनवरची बाई : चांगली धरलीय हो.

सून : हो.

फोनवरची बाई : पाठवा तुमचा फॉर्म, वेळ निघून जाईल. फक्त ते आई लिहिलंय ना, ते खोडा. मावशी लिहा.