बरणीत भिजलेला गिअरबॉक्स

हसू नका बाप्पा, पण माही जुनी विदेशी गाडी लोणच्याच्या बरणीमुळं पुढं गेली. अकोल्याहून आणली तवा ती फक्त रिव्हर्समंदी चाले. ऑटोमॅटिक म्हणल्यावर अमरावतीत कोणी मिस्त्री हात लावेना, म्हणून मी आंगणातच गिअरबॉक्स खोलला.

आत गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेटा झिजल्या होत्या. नव्या प्लेटा बसवायच्या आधी तेलात भिजवा लागतात. रुंद तोंडाची म्हणून आईची चिनीमातीची बरणी उचलली. तिच्या माहेरची, बाळापूरची.

आई कडाडली, "बाटवली ना रे माही बरणी! आता राखेनं घासून देजो."

"गाडी चालली का देतो."

गाडी तयार झाली तवा आईलेच बाजूले बसवलं. वलगावच्या रस्त्यावर गाडी पुढं निघाली, अन् जराशानं गिअर बदलला.

"काय झालं रे?"

"दुसरा गिअर पडला."

"तुहे दोन्ही हात तं स्टेअरिंगवर हायेत!"

"आतलं तेलच पाडते, आई. वेग वाढला का तेलाचा दाब वाढते, अन् तेलच त्या प्लेटा दाबते."

"कोणी न सांगता?"

"कोणी न सांगता."

देवापुढं घेते तसा तिनं डोक्यावर पदर घेतला. वलगाव येईपर्यंत दर गिअरले ती माह्या हाताकडं पाहे. म्याच बसवलेला गिअरबॉक्स, तरी दर गिअरले माह्या अंगावर काटा ये.

घरी आल्यावर राख घेऊन मी नळावर बरणी घासाले बसलो. आईनं बरणी हातातून काढून घेतली.

"राहू दे तशीच," ती म्हणाली. "लय शहाणं तेल हाय ते."