पारकरांकडे आलेला पार्कर

आता तुम्हीच सांगा, तोंडवलीत पर्यटक येतात, मासे खातात, फोटो काढतात नि जातात, त्यात खोल्या भाड्याने देणाऱ्या रहमतुल्ला पारकरांची झोप उडावी असं काय आहे... पण यावेळचा गोरा म्हातारा खोलीची चावी घेता घेता म्हणाला, मीपण पार्कर! झालं. माडांच्या बागेपायी चुलत्यांशी अर्धं आयुष्य कोर्टात काढलेला माणूस हा, त्याच्यापुढे आडनाव कसलं काढता? लेक नाझनीन म्हणाली, योगायोग असेल. तर हे म्हणतात, "उगीच कोण येता गो?"

आणि तुम्हाला सांगतो, म्हातारा वागायचाही तसाच. सकाळी बागेत फिरणार, कुंपणापाशी थांबणार, इथे पारकर किती, मूळचे कुठले, बांद्याला आहेत का, विचारत सुटणार. रहमतुल्लांना पणजोबांचा भाऊ आठवला, बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नाही... हा त्याचाच वंश नसेल कशावरून? बायको बदरुन्निसा म्हणाली, अहो, त्याचे डोळे निळे आहेत. यांचं उत्तर तयार, मडम केली असेल तिकडे! सुरमई वाढा, पण बागेची हद्द दाखवू नका. उगीच कोण येता?

शेवटी जेवताना नाझनीनला मध्ये घालून त्यांनी सरळ विचारलंच. म्हातारा खुलला. पूर्वी इंग्लंडात सरदार लोक शिकारीसाठी रान राखायचे, त्याला म्हणायचे पार्क, नि त्याचा राखणदार तो पार्कर. म्हणजे रान सरदाराचं, हा नुसता राखणदार! रहमतुल्लांना जरा हायसं वाटलं, पण संशय असा जातो थोडाच? भाऊबंद किती, विचार म्हणाले.

नाझनीनने ऐकून घेतलं नि सांगितलं, "देशभर पार्कर आसत, अब्बा. पण जितकी रानां तितके राखणदार, एकमेकांचे कोण लागनत नाय. ह्येना जन्मभर शोधल्यान, नात्याचो एकव मिळाक नाय. मोबाईलवर आपला नाव दिसला, म्हणान हंय इलो."

म्हातारा मान खाली घालून भात कालवत होता. रहमतुल्ला त्याच्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या ताटातली तळलेली तुकडी उचलून त्याच्या ताटात ठेवली नि सुस्कारा सोडला.

"सांग तेका, नशीबवान आसस म्हणान. एवढे पार्कर, नि हिस्सो मागणारो एकव नाय..."