पुलाखालच्या तीन बाटल्या

नाही मॅडम, पुलाखालून नको – यंत्र तुमचं आहे, मोजा खुशाल, पण इथलं पाणी म्हणजे ओढा नाही. रंगाच्या कारखान्याची गटार इथंच येऊन मिळते, ती बघा निळी धार. माणसाच्या तोंडाला काळं फासायचं आणि म्हणायचं, हा जन्माचाच काळा – तसं आहे हे. मी कोण? मी कुणी नाही. तुमच्याच कचेरीत शिपाई होतो, एकतीस वर्षं, पाणी तपासायला निघालेल्या साहेबांच्या मागं बाटल्यांचं खोकं घेऊन हिंडायचो. शाळा चौथीपर्यंत. पण ओढा कसा तपासायचा ते मला आमच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं – खालच्या अंगाला जाळी धरायची, वरच्या अंगाचे दगड टाचेनं ढवळायचे, शंभर म्हणून होईपर्यंत, आणि जाळीत येईल ते पांढऱ्या ताटात ओतायचं. मग गप्प बघत बसायचं. आधी नुसता कचरा दिसतो – मग तो कचरा चालायला लागतो.

तुम्हाला संध्याकाळी फाइलीवर सही करायची आहे, ठाऊक आहे मला. सही झाली की ओढा पाइपात आणि वर रस्ता. फाइलीत लिहिलंय ना, वरपासून खालपर्यंत मेलेला – मग मेलेल्याला पुरताना कोण अडवणार? मी अडवणार. मी दर आठवड्याला वर जातो, बायकोची चाळण घेऊन. ती म्हणते, हिच्यातून मी पीठ चाळू की तुमची पिल्लावळ? नवी आणून दिली, तरी टोमणा चालूच. तर वर, तासाभराच्या चालीवर, वळणापाशी दगड उलटा केला ना, की खाली वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेलं नळकांडं असतं, तांदळाएवढं, आणि आत अळी. काय घर बांधते – गवंड्यानं मान खाली घालावी. तीन शेपट्यांची अळीही आहे. ती घाणीत तगत नाही. घाणीत उरतात ते लाल किडे, इथले. बाटलीत भरलेल्या पाण्याला आजचं तेवढं कळतं, मॅडम. त्या अळ्या महिनोन्‌महिने त्याच पाण्यात नांदतात, त्यांना विचारा की.

मग फाइलीत तसं कसं म्हणता? – चुकलं असेल कुणाचं. तीन ठिकाणचं पाणी भरायचं होतं, वरचं, मधलं आणि पुलाचं. तेव्हाचे साहेब गाडीत बसलेले, खाली उतरायचा कंटाळा. आता तिन्ही बाटल्या इथल्याच, पुलाच्या एकाच पायरीवर वाकून भरल्या आणि चिठ्ठ्या मात्र तीन चिकटवल्या, तर आकडे सारखेच येणार की – का हो, अशा का बघताय? फाइलीत नाही हे? नसणारच. कुणाला सांगितलंच नव्हतं ते.

बरं. निसटलं ते निसटलं. मीच भरल्या, तरणा होतो तेव्हा. दवाखान्यातून निरोप आला होता – बायकोचं रक्त थांबत नाही, लगेच या. साहेब म्हणाले, आधी बाटल्या, मग जा. वर जाऊन यायला दोन तास. मी पाच मिनिटांत तिन्ही आणून दिल्या आणि धावत सुटलो. ती वाचली. मूल नाही वाचलं. – पश्चात्ताप? तोच दिवस परत आला तर मी परत असाच धावेन, लिहून घ्या हेही. पण त्यापायी ओढ्यानं का मरावं? मला वाटलं, पुढच्या वर्षी कुणी येईल, नीट तपासेल. कुणी आलंच नाही. एकदा मेला म्हटल्यावर पुन्हा नाडी कोण बघतो? कारखान्यानं तोच कागद दाखवून दुसरी गटार सोडली. आणि मी कचेरीत चहा आणून देत राहिलो, गप्प.

चौकशी होईल म्हणता? होऊ दे. या वयात मला कुठून काढणार, अंगणातून? लिहा पोरी, साध्या भाषेत लिहा – शिपायानं खोट्या चिठ्ठ्या लावल्या, शिपाई समोर उभा राहून सांगतो आहे. साहेबांचं नाव नको, ते गेले बिचारे. नाही, बायकोला ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की मी त्या दिवशी वेळेवर पोचलो. बाटल्यांचं तिला मी सांगेन, आज, जेवायच्या आधी – तुमच्या कागदातून कळायला नको.

द्या तो कागद इकडे. कुठं करू सही, इथं? चौथीपुरती येते मला – झाली. आता तुमची राहिली, ती वरचा दगड बघून करा. यायचं असेल तर बूट काढून हातात घ्या, वाट पाण्यातूनच आहे. नसेल यायचं तर गाडी उभी आहे तुमची. मी निघालो.