रुमालाखाली ठरलेलं पाणी

सन्माननीय नगराध्यक्ष, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते मुख्याधिकारी शेषेराव साहेब, त्यांच्या जागी आलेले नवे साहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

आधी या हाराचा हिशेब सांगतो. फुलं नांदेडची, एसटीनं आली. दाम फार नाही. पण कोमेजू नयेत म्हणून सकाळपासून त्यांच्यावर दोन घागरी पाणी शिंपडलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत तेवढ्या पाण्यात एक घर दिवस काढतं. साहेब, हार घालून घेताना तुमची मान का अवघडली, ते कळलं मला.

आपला जिल्हा नवा झाला. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला असावा. जकात आटली. नगरपालिकेपुढं कामं तीन आणि पैसा एकाचा: नव्या जिल्ह्याच्या मानाची कमान, पेठेतले दिवे, नाहीतर वस्तीला टँकर. साहेब म्हणाले, पैसा लोकांचा आहे, लोकांनाच विचारू. मी व्यापारी संघाचा अध्यक्ष, पाठीवर पोती वाहून आडतीच्या गादीवर आलेला माणूस. मला हसू आलं. म्हणालो, "कशाला इचारता साहेब? पेठ माझ्या शब्दात हाय. कमान धरा."

सभा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात भरली. कमानीसाठी अख्ख्या पेठेचे हात वर गेले. वस्तीच्या नीलाबाईंचा हात खालीच. माझे कान जरा तिखट. त्या शेजारणीला हळूच काय म्हणाल्या, ते ऐकू आलं.

"टँकरला हात वर केला अन् उद्या दुकानात मीठ उधार न्हाई मिळालं, मग?"

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर राग आला. आमची पेठ एवढी हलकी आहे का? त्या तिरीमिरीतच मी साहेबांना मोंढ्याची रीत सुचवली. आपण भाव कसा ठरवतो? वर रुमाल टाकायचा, खाली हात धरायचा, बोटं दाबायची. चेहरा दगडाचा. साहेबांनी तेच केलं. एक बोट म्हणजे कमान, दोन म्हणजे दिवे, तीन म्हणजे टँकर. पुरुषांकडं स्वतः साहेब बसले, बायांकडं शिक्षिका कमलम्मा. साहेबांच्या हातावरचा रुमाल माझाच होता.

टँकर ठरला. वर्षभर चालला.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. मार्च संपला की टँकरची तरतूद संपते. आणि काल पेठेत कानावर आलं, लोकांना काय कळतंय, या खेपेला कचेरीतच उरकू. मागच्या रांगेत वस्तीच्या बाया बसल्यात. त्या शेषेराव साहेबांकडं बघत नाहीत. नव्या साहेबांकडं बघताहेत.

नवे साहेब, तुमच्यासाठी शाल आणली नाही. तोच रुमाल आणलाय. मळका आहे, धुवायला पाणी नव्हतं. तो परत मोंढ्यात टाकाल ना? नवे साहेब मान डोलावताहेत. पण मी आडत्या माणूस, चेहरा बघून सौदा पक्का धरत नाही.

असो. शेषेराव साहेब, देगलूरला सुखानं नांदा. मला उभं केलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ कुठं घसरली असेल तर घरचाच माणूस बोलला म्हणून सोडून द्या.

हां, मागून आमच्या आडतीवरचा व्यंकटी म्हणतोय, अप्पा, कमानीचं सांगायचं राहिलं. सांगतो. रुमालाखाली कमानीला एक मत पडलं. माझं.