कपाटातल्या बातम्या

"बोलत नाही, नुसती ऐकते! मी सांगते एबेर्तो, सरकारची खबरी आहे ती!"

…आता हे काही सुनेनं ऐकायचं वाक्य नव्हे, पण आमच्या माराकाइबो शहरात वीज गेली की पंखे थांबतात, आणि पंखे थांबले की स्वयंपाकघरातलं सगळं अख्ख्या घराला ऐकू येतं, त्याला मी काय करू? आणि म्हणतंय कोण, तर माझी सासू, नेरेइदाबाई! लग्नाला तीन महिने नाही झाले! वर एबेर्तो, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "असू दे गं, मक्याच्या अरेपा बऱ्या भाजते."

पुरावा काय म्हणे, तर दुपारी सगळे आडवे झाले की मी नवऱ्याच्या कपड्यांच्या कपाटात शिरते, दार ओढते आणि कुजबुजते. शिरते! नाही कुठे म्हणतेय मी? तुम्हाला सांगते, मी काम करायचे ते रेडिओ केंद्र सरकारनं बंद केलं, चार माणसं आली, कागद दाखवला, यंत्रं उचलली, गेली. पण बातम्या थोड्याच थांबतात? बातम्यांच्या वेबसाइट उघडेनात, म्हणून आम्ही पाच मिनिटांच्या बातम्या बोलून फोनवर सोडतो, बिननावाच्या, ह्याच्याकडून त्याच्याकडे. कपाटात अशासाठी, की शर्टांमुळे आवाज घुमत नाही. एवढंच! ठाऊक फक्त नवऱ्याला.

आणि त्या बातम्या या घरात सगळ्यात मन लावून ऐकतं कोण? सासरेच! हातात अरेपा, कानाला फोन. "काय आवाज आहे पोरीचा! नाहीतर आमची सून… सकाळी एक 'हं', संध्याकाळी एक 'हं'." अहो बाबा, तोंड उघडलं तर ओळखाल ना! आणि तुम्हाला कळलं की डोमिनोच्या सोंगट्या मांडतात त्या टेबलावर कळणार, तिथून पुढे कुठे कुठे… म्हणून मी गप्प.

घरातला नियम एकच, बाहेर पडताना फोन धुवायचा. बेकरीच्या कोपऱ्यावर पोलीस असतात, फोन मागतात, अंगठ्यानं चाळतात, नको ते सापडलं की माणूस गाडीत. समोरचा शिंपी एका विनोदापायी आत गेलाय, बारा दिवस झाले, बायको रोज डबा नेते आणि रोज तसाच परत आणते. त्यामुळे सासूबाई दारातच उभ्या, शाळेत नखं तपासतात तशा! "पुसलंस? मेसेज? फोटो? बहिणीनं घातलेल्या शिव्यापण पूस!" शेवटी फोनमध्ये उरतात फक्त संतांची चित्रं आणि नातवंडं.

आणि काल बाबा अडून बसले! टोपी घातली, डोमिनोला निघाले. "आजच्या बातम्या नाही पुसणार. मित्रांना ऐकवायच्यात."

"अरे, नेतील तुला!" सासूबाई आडव्या आल्या.

"नेऊ देत! ती पोर जिवावर उदार होऊन वाचते, आणि मी साधं कोपऱ्यापलीकडे नेऊ नये?"

"हळू!" सासूबाईंनी भुवईनं मला दाखवलं. "नको त्यांच्यासमोर नको ते…"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता, बंद पंखा पहिल्यांदाच दिसल्यासारखा. बाबांनी फोन खिशात टाकला, कडी काढली, एक पाय उंबऱ्याबाहेर… आणि कोपऱ्यावर पोलिसांची निळी गाडी! सांगा, आता कसली गप्प बसते?

"पुसून टाका, बाबा," मी म्हटलं, स्वच्छ, रेडिओवरच्या आवाजात, "उद्याच्याही मीच वाचणार आहे."