दरोडेखोराची मुलगी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, शाळा समितीचे माननीय नंदकिशोर राणे साहेब, मुख्याध्यापिका गंधाली बाई, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या अनुपमा बाई, सगळे शिक्षक, पालक, आणि पुढे सतरंजीवर चुळबुळ करणारी माझी लेकरं, सर्वांना रुक्मिणी घाडीचा नमस्कार.

कागद हातात शोभेसाठी आहे. नात श्रुतिकाने लिहून दिला, मी ऐकून पाठ केला. उलटा धरला असेन तर हसू नका. सुरुवातीला तिने ‘ज्ञानसूर्य’ असं काहीतरी घातलं होतं, ते मी गाळलंय. अनुपमा बाईंना ऊन सोसत नाही.

मी या शाळेत शिरले ती बाईंमुळे. शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवायला त्या मुलांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवायच्या. मी म्हटलं, “बाई, मला अक्षर येत नाही हो.” त्या म्हणाल्या, “चित्रं दिसतात ना? मग बसा.” आणि हातात काय दिलं, तर दरोडेखोराचं चित्रांचं पुस्तक! मिशा घोड्याच्या शेपटीहून लांब, पँट सारखी घसरते, लाडवांच्या दुकानावर दरोडा घालतो आणि मिशीतल्या बुंदीवरून पकडला जातो.

आमचे वडील कोकणात गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचे. बाईमाणसाने घालायची रीत नाही, पण घाटकोपरात अडवतो कोण? मी पानागणिक गाऱ्हाणं घालायला लागले. “बा देवा म्हाराजा, ह्येची पँट आज तरी जाग्यार ऱ्हवांदे!” आणि पोरं शाळा दणाणून सोडायची, “व्हय म्हाराजा!”

एका मुलाचे वडील मला फाटकात म्हणाले, “आजी, पोरांना दरोडे शिकवता काय?” मी म्हटलं, “तुमचा मुलगा डबे पळवतो, तो मी यायच्या आधीपासून हो!” ते अजून हसतात माझ्याकडे बघून. आजही हसतायत.

पण आता सांगते ते हसण्यातलं नाही. ज्या मुलीचं आहे, तिच्या आईला विचारूनच सांगते, नाव मात्र सांगणार नाही.

एका शनिवारी सगळा वर्ग हसून लोळत होता, एकच मुलगी गप्प. मी विचारलं, “काय गं बाय?” ती म्हणाली, “आजी, याची मुलगी कुठे आहे?” मी मागची-पुढची सगळी पानं उलटली. मुलगी कुठेच नव्हती. तिचे बाबा तेव्हा तुरुंगात होते, आणि ती शेजारी येऊन बसली की पोरं आपापल्या पेन्सिली चाचपून बघायची. आईबापांनीच शिकवलेलं, दुसरं कोण शिकवणार?

“ही नुसती गोष्ट आहे बाळा,” असं अनुपमा बाई म्हणाल्या असत्या, तर मी तरी काय बोलणार होते? त्यांनी लाल खडू दिला. “नाही ना तिथे? मग तू काढ.” शाळेच्या पुस्तकात! पानापानावर तिने दारात उभी असलेली एक मुलगी काढली. शेवटच्या पानावर पोलीस दरोडेखोराला नेतात, तिथे ती त्याच्या मिशीचं टोक घट्ट धरून उभी आहे.

मग मागून एक पोरगा म्हणाला, “आजी, आता हिच्यासाठी पण गाऱ्हाणं घाला ना.” मी घातलं. “बा देवा म्हाराजा, हिचो बापूस जेवणाच्या वक्ताक घराक येवंदे.” त्याच पेन्सिली चाचपणाऱ्या पोरांनी हात जोडले आणि “व्हय म्हाराजा” म्हटलं. हळू. एकही हसलं नाही.

अध्यक्षसाहेब, मघाशी तुम्ही म्हणालात, आता आदर्श माणसांची पुस्तकं आणू, ही दरोडेखोरांची सोमवारी रद्दीला जातील. आणा की आदर्श माणसं, त्यांनाही कपाटात जागा करू. पण रद्दीत फक्त दरोडेखोर जाणार नाही, साहेब. त्याची मिशी धरून उभी असलेली तीही जाईल.

मी शाल आणली नाही, बुके आणला नाही. येतं ते करते. लेकरांनो, उठा. मंडळी, तुम्हीपण उठा.

बा देवा म्हाराजा! आज आमची अनुपमा बाई घराक जाता हा, तिच्या गुडघ्यांक आराम पडांदे, रे म्हाराजा! तिना लावलेलो शनिवारचो तास तिच्या मागसून चलत ऱ्हवांदे, रे म्हाराजा! त्या कपाटाक रद्दीवाल्याचो हात लागाक नको, रे म्हाराजा!

तुमच्या ‘व्हय म्हाराजा’नं भिंती हलल्या की हो! मला अक्षरं कळत नाहीत, अध्यक्षसाहेब, पण चित्र बरोबर दिसतं. तुमचेही ओठ हलले. देवासमोर हो म्हटलंत, आता सोमवारी मी फाटकात बसून असेन.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, उपकार मानते. अनुपमा बाई, तुमचे तर जन्मभर. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर म्हातारीला पदरात घ्या. नमस्कार.