मद्रासची ती इनिंग

अरुंधती : चपला राहू द्या इथेच. अन् आत गेल्यावर त्यांना काही विचारू नका, भाऊजी. काल शेजारचे आले, ‘ओळखलं का, सांगा बरं माझं नाव’ करत बसले. यांना नाव माहीत, पण तोंडातून निघेना. ते गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले ते जेवायलाही उठले नाहीत.

श्रीधर : समजतं ना पण सगळं?

अरुंधती : सगळं. पेपर उलटा दिला तर सरळ करून घेतात. पक्षाघाताचा झटका आल्यापासून शब्द तेवढे अडलेत. बोलणं शिकवायला अपेक्षा नावाची मुलगी येते, ती म्हणते, प्रयत्न केला तर येतील. पण हल्ली ती आली की हे डोळे मिटून घेतात. मग मीच विचारते अन् मीच उत्तर देते.

चंपतराव : मंग आमी काय करावं वं वयनी? चूप बसाले तं मी सावनेरवरून नाही आलो.

अरुंधती : चूप कशाला? नेहमीसारखे भांडा तुम्ही दोघं. त्यांच्या कानावर तरी पडू द्या.

(आतली खोली. विश्वनाथ खिडकीजवळच्या खुर्चीत, नजर बाहेर.)

चंपतराव : हे पाह्य गा विश्वनाथ, घरची संत्री. कळमन्याच्या बाजारात गाडी खाली केली अन् सीधा इकडंच आलो. तू बोलू नको, आराम कर. हा श्रीधर रस्ताभर माहं डोकं खाऊन राहिला. म्हणते, टेस्टमंधी गावस्करच्या वर कोनी झालाच नाही.

श्रीधर : नाहीच झाला. ओपनिंगला जायचं, समोर वेस्ट इंडीजचे बॉलर, डोक्यावर हेल्मेट नाही. पहिल्याच सिरीजमध्ये सातशे चौऱ्याहत्तर रन. तुझा तेंडुलकर असता त्या काळात, मग पाहिलं असतं.

चंपतराव : काय पाह्यलं असतं? पर्थच्या त्या उसळत्या पिचवर त्यानं सेंच्युरी मारली तवा अठरा वर्साचा होता. अठराव्या वर्सी तू हॉस्टेलच्या मेसमधून पोळ्या चोरून राहिला होता.

श्रीधर : तुझ्यासाठीच चोरत होतो.

चंपतराव : ते जाऊ दे. बरं, ब्रॅडमनचं काय करतं? नव्व्याण्णव पॉइंट चौऱ्याण्णवची ॲव्हरेज.

श्रीधर : त्याला आपण कुठे पाहिलं? ज्याला पाहिलं नाही, त्याच्यावरून मी भांडत नाही.

अरुंधती : मला कोणी विचारत नाही, पण माझा द्रविड. तासन् तास उभा राहायचा बिचारा, चेहऱ्यावर आठी नाही. या घरात असं माणूस एक तरी हवं होतं.

श्रीधर : वहिनी, विश्वनाथ ऐकून राहिला हं.

अरुंधती : ऐकू द्या की.

चंपतराव : अन् श्रीधर, न पाह्यलेल्यावर भांडत नाही म्हनतं? मद्रासची मॅच कुठं पाह्यली होती आपन? हॉस्टेलात एका रेडिओले तिघं चिपकून बसलो होतो. वयनी, तुमाले सांगतो, या आपल्या विश्वनाथचा जीव त्या बॅटिंगवाल्या विश्वनाथपाशी. वेस्ट इंडीजचा रॉबर्ट्स एकेकाले घरी पाठवून राहिला, अन् तो एकटा खेळून राहिला. त्याची सेंच्युरी झाली अन् यानं अख्ख्या मेसले चहा पाजला.

श्रीधर : सेंच्युरी?

चंपतराव : सेंच्युरीच. मले चांगलं आठोते.

अरुंधती : काय हवंय हो? हात का हलवून राहिलात? पाणी ना? थांबा, आणते.

श्रीधर : वहिनी, बसा. पाणी नको त्याला.

विश्वनाथ : न… नाही.

चंपतराव : काय नाही गा? शंभर झाले होते त्याचे. पक्के शंभर.

विश्वनाथ : स… सत्…

अरुंधती : सत्…

श्रीधर : वहिनी.

अरुंधती : नाही बोलत. नाही बोलत मी.

विश्वनाथ : सत्… त्या… ण्णव.

श्रीधर : ऐकू नाही आलं याला. पुन्हा सांग.

विश्वनाथ : सत्त्याण्णव. ना… नॉट आउट.

चंपतराव : म्हंजे सेंच्युरी झालीच नाही म्हनतं?

विश्वनाथ : ग… गधा.

चंपतराव : पाह्यलं वयनी? इतक्या दिवसानं तोंड उघडलं अन् शिवी मले.

श्रीधर : चंपत, मानलं तुला. काय युक्ती काढली. त्याला चूक सहन होत नाही हे मलाही सुचलं नसतं.

चंपतराव : कायची युक्ती? मी पन्नास वर्सं शंभरच सांगून राहिलो ना गा. पोराले, सोयऱ्याईले, पारावर बसनाऱ्याईले. लोकाईनं काय म्हटलं असन मले.

श्रीधर : खरंच शंभर वाटत होते तुला?

चंपतराव : आईची आन.

श्रीधर : मग बरोबर बोलला तो.

विश्वनाथ : ब… बरोबर.

चंपतराव : दोघं एका बाजूनं झाले का आता? वयनी, तुमी तरी… रडून राहिल्या का जी?

अरुंधती : रडतेही आहे अन् हसतेही आहे. तुम्ही लक्ष देऊ नका माझ्याकडे. संत्रं सोला त्यांच्यासाठी. डाव्या हातात द्या, धरता येतं.

चंपतराव : घे गा. अन् आता फैसला तूच कर. गावस्कर का तेंडुलकर? सगळ्यात मोठा कोन?

श्रीधर : माझ्याकडे पाहू नको, विश्वनाथ. मनातलं सांग.

विश्वनाथ : ग… न… ते…

चंपतराव : गावस्कर म्हनते का? का तें…

अरुंधती : तुम्ही नका सांगू, चंपतराव. बसा दोघंही, जेवूनच जा. मी कणीक भिजवते. त्यांचं ते सांगतील.